तिसऱ्या मजल्यावरची मंडळी

“डबा बाहेरच ठेवा. तिथे, चपलांजवळ.”

पास्टर असं म्हणाले तेव्हा मी हॉलच्या दारात उभी होते. हातात स्टीलचा डबा, त्यावर धुतलेला पांढरा रुमाल. डब्यात प्रभुभोजनाची भाकर, उपासनेत प्रत्येकाने तुकडा तुकडा खायची. भाकर म्हणायची, असते गव्हाची जाड पोळी, खमीर नसलेली. सकाळी अंघोळ करून, तोंडात पाण्याचा घोटही न घेता मी ती भाजली होती. चार वर्षं मीच भाजत होते. आमची मंडळी, म्हणजे आमचं छोटंसं चर्च, माझ्या पत्र्याच्या खोलीत जमायचं तेव्हापासून.

मला वाटलं आत गर्दी असेल, मागून आत न्यायचा असेल डबा. मी विचारलं, “पास्टर, मग आत कुणाकडे देऊ?”

“कुणाकडे नको. आजपासून बेकरीतून मागवलंय. पॅकिंगचं. हायजीनचा प्रश्न असतो, सिस्टर. आता आपल्याकडे सगळ्या प्रकारचे लोक येतात.”

मी नर्सिंग होममध्ये आया होते. नखं कापलेली, हात कोपरापर्यंत धुतलेले. बाळंतिणीचं रक्त पुसून तेच हात मी बाळाला लावायचे. तेव्हा कुणी बेकरीतून दुसरे हात मागवले नाहीत.

पण हे मला त्या वेळी सुचलं नाही. मी डबा ठेवला. रॅकच्या खालच्या फळीशेजारी, कुणाचे तरी नवे बूट होते त्यांना लागून. आत जाऊन बसले. गाणं सुरू झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हे मी लपवणार नाही. त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या.

मी मांगाची. पाचोरा तालुक्यातल्या एका खेड्यातली. बाप शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायचा. दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरात चालायला जागा नसायची, इतक्या केरसुण्या. मी बापाबरोबर गावात विकायला जायचे. केरसुणी ओट्याच्या कडेला ठेवायची आणि लांब सरकायचं. आतून बाई यायची, केरसुणीवर पाणी शिंपडायची, मग उचलायची. संध्याकाळी तीच केरसुणी पाटावर. हळदकुंकू, फुलं. लक्ष्मी म्हणून पुजायची.

बाप हसायचा. म्हणायचा, “मन्हा हात लागना म्हनीसन धुवतस, आनि मंग तिन्हाच पाया पडतस.”

मला हसू यायचं नाही. मला वाटायचं, कुठेतरी अशी जागा असेल जिथे माझ्या हाताचं धुवायला लागणार नाही.

लग्न होऊन जळगावला आले. नवरा केळीच्या ट्रकवर हमाल. फैजपूरला जायचा, माल भरायचा, पिऊन यायचा. कधी मारायचा, कधी नुसता पडून राहायचा. रेल्वे लाइनच्या पलीकडे आमची पत्र्याची खोली. दोन पोरं. मी नर्सिंग होममध्ये कामाला लागले. तिथे सुमनअक्का भेटली.

अक्का साक्रीकडची भिल्ल बाई. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेली, पुढे आमच्या नर्सिंग होममध्ये यायची. तिचा बापही ख्रिस्ती होता. पहिल्याच आठवड्यात तिने मला घरी नेलं. मी दारातल्या पायपुसण्याशी उकिडवी बसले. सवय. अक्का खाटेवर बसली होती. तिने खाटेवर हात आपटला.

“तथी काबर बसनी वं? आठे बैस. मन्हा जोडे.”

मी पस्तिशीला आले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला हुद्द्याने वरच्या माणसाने स्वतःच्या शेजारी बसवलं होतं. अक्काने नंतर मला येशूचं खूप काही सांगितलं. पण माझा विश्वास त्या खाटेवर बसला तेव्हाच बसला.

मग मी, अक्का आणि आमच्या वस्तीतल्या तीन बाया रविवारी जमायला लागलो. माझ्याच खोलीत. पाचाच्या नऊ झाल्या, नवाच्या वीस. एक दिवस माझा नवरा दाराबाहेर बसून गाणी ऐकत राहिला. पुढच्या रविवारी आत आला. दारू एकदम सुटली नाही, पण मारणं सुटलं. खोलीत माणसं मावेनात. आम्ही जागा शोधायला निघालो.

एक म्हातारे आबा होते, त्यांची मोठी खोली रिकामी होती. चांगले बोलले. पाणी दिलं. मग म्हणाले, “पोरी, तुम्ही गाणं म्हणा, प्रार्थना करा, माझं काही नाही. पण लोक मला विचारतील. माझ्या घरात नको.” दुसऱ्या ठिकाणी आडनाव विचारलं. आडनाव सांगितल्यावर खोली भाड्याने गेलेली निघाली. एकदा मोठ्या कष्टाने एक खोली मिळाली, तर तिसऱ्या रविवारी चार पोरं दारात येऊन उभी राहिली. “इथे काय चालतंय? कुणाला बाटवताय?” अक्का काठी टेकत उठली आणि म्हणाली, “ये रे भाऊ, आत बैस, ऐक काय चालतंय.” पोरं गेली. पण मालकाने दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं.

म्हणजे बाहेरच्यांनी आम्हाला जागा दिली नाही ती दोन कारणांनी. ख्रिस्ती म्हणून आणि मांग-भिल्ल म्हणून. ते मला माहीत होतं. त्याची तयारी होती.

तेव्हाच पुण्याहून पास्टर आले. तिशीतला माणूस. शहरात नवीन मंडळ्या उभ्या करायचं शिक्षण घेतलेलं. माझ्या खोलीत सतरंजीवर बसले, माझ्या हातचं वरण-भात जेवले. पोरांचा अभ्यास घेतला. नवऱ्याला घेऊन तासन् तास बसले. तेव्हा ते खरे होते, हे मी आजही म्हणते. त्यांचे डोळे भरून यायचे. म्हणायचे, “जळगावात मोठी मंडळी उभी राहील. या खोलीतून.”

उभी राहिली. एका शेठच्या कॉम्प्लेक्समध्ये, कापडाच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर हॉल मिळाला. खुर्च्या आल्या. पडदा आला, त्यावर गाण्याचे शब्द दिसायचे. गिटार, कीबोर्ड. शिकलेले लोक यायला लागले. कॉलेजची पोरं, बँकेतले साहेब, शाळेतल्या बाई. आम्हाला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? साहेबलोक आमच्याबरोबर गातात, याचा आम्हाला अभिमान वाटायचा.

आणि डॉक्टरबाई आल्या. त्यांना मीच आणलं होतं.

डॉक्टरबाई म्हणजे आमच्या नर्सिंग होमच्या मालकीणबाई. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. अकरा महिने मी तिचं सगळं केलं. हगणं-मुतणं, पुसणं, भरवणं. म्हातारीला माझं गाणं आवडायचं. शेवटी शेवटी ती माझा हात सोडायची नाही. मी प्रार्थना केली की झोपायची. ती गेली तेव्हा डॉक्टरबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. म्हणाल्या, “तुझा देव मला दाखव.” मी त्यांना रविवारी हॉलवर घेऊन गेले.

त्या आल्या, मग त्यांचे मिस्टर आले, मग त्यांच्या ओळखीची दोन घरं. पास्टर हरखून गेले.

उपासना झाली की हॉल झाडायचं काम आम्हा बायांचं. डॉक्टरबाईंच्या घरचे पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसले त्या दिवशी मी झाडत होते. पुढच्या रांगेतल्या खुर्चीखाली टिश्यूची एक गोळी दिसली. उघडली. आत भाकरीचा तुकडा. पुढच्या खुर्चीखाली दुसरी गोळी. अशा चार.

चार माणसांनी माझ्या हातची भाकर तोंडाला न लावता खुर्चीखाली टाकली होती. जे हात आईला भरवताना चालले, ते इथे चालले नाहीत.

प्रभूची भाकर कचऱ्यात टाकता येईना. मी ते चारही तुकडे खाल्ले. तिथेच, झाडू बगलेत धरून. अक्काने पाहिलं. नुसती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

त्याच्या पुढच्या रविवारी पास्टरांनी मला दारात अडवलं. डबा, चपला, बेकरी.

त्यानंतर सगळं हळूहळू झालं. कुणी पाटी लावली नाही, कुणी हुकूम सोडला नाही. पण मागच्या तीन रांगा आमच्या झाल्या. दारात उभी राहणारी तरुण पोरं हसून मागे बोट दाखवायची. “आंटी, तिकडे जागा आहे.” पुढे जागा असली तरी तिकडे. एका रविवारी मंगलाच्या पोराने पुढे जाऊन गिटारला हात लावला, तर त्याला खांद्याला धरून परत आणून बसवलं. मंगला माझी शेजारीण, पहिल्या पाच बायांतली एक. तिने पोरालाच चापट मारली. मी पाहत राहिले. मीही माझ्या पोरांना असंच मारलं असतं.

मी पास्टरांना एकदा एकटं गाठून विचारलं. ते म्हणाले, “सिस्टर, ही शहराची मंडळी आहे. नवीन लोक हळवे असतात. त्यांना थोडं सांभाळून घ्यावं लागतं. तुम्ही तर विश्वासात जुन्या आहात, तुम्ही समजून घ्या.”

समजून घ्या. माझ्या आजीला सांगितलं होतं समजून घे. माझ्या बापाला सांगितलं होतं. आता देवाच्या घरातही आम्हीच समजून घ्यायचं होतं.

घरी आले आणि पदर तोंडात कोंबून रडले. गावात कुणी हाकललं की मनात म्हणायचे, असू दे, आपल्याला दुसरी जागा आहे. आता ती दुसरी जागाही तसलीच निघाली. तिसरी कुठून आणू?

काही महिन्यांनी पाहुणे येणार म्हणून धांदल उडाली. पुण्याचे मोठे पाळक, म्हणजे आमच्या पास्टरांचे वरचे, त्यांच्याबरोबर परदेशातले दोघं. मंडळी कशी वाढली ते बघायला. पास्टर माझ्या खोलीवर आले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

“सिस्टर, तुमची साक्ष पाहिजे. पाच मिनिटं.”

साक्ष म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगायचं. त्यांनी कागद दिला. लिहून आणला होता. मी सातवीपर्यंत शिकले आहे, वाचता येतं मला. त्यात होतं: आम्ही घाणीत राहत होतो. नवरा रोज दारू पिऊन मारत होता. आम्हाला स्वच्छता माहीत नव्हती. मग पास्टर आले आणि आम्ही बदललो. सुमनअक्काचं नाव कुठेच नव्हतं. पाच बायांचं नव्हतं.

निघताना ते दारात थांबले. “आणि ती चांगली निळी साडी नका नेसू. रोजची नेसा. जुनी. म्हणजे पाहुण्यांच्या लक्षात येतं.”

माझी पोरगी तिथेच भाजी निवडत होती. बारावीला होती तेव्हा. पास्टर गेल्यावर तिने विचारलं, “आई, तू जुनी साडी नेसणार आहेस?”

तिच्या आवाजात राग नव्हता. ती नुसती विचारत होती. तिला वाटत होतं मी नेसेन. चार वर्षांत तिने मला जे करताना पाहिलं होतं, त्यावरून तिला तसंच वाटणार होतं. ते मला सहन झालं नाही. डबा सहन केला, तुकडे गिळले. पण माझी पोरगी माझ्याकडून हे शिकते आहे, हे नाही.

रविवारी मी निळी साडी नेसले. केसांना तेल लावून अंबाडा घातला. पास्टरांनी मला पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. पण पाहुणे समोर बसले होते. माझं नाव पुकारलं. मी पुढे गेले, माइक हातात घेतला. शेजारी इंग्रजीत सांगायला एक कॉलेजचा पोरगा उभा होता. कागद मी घडी करून पोलक्यात ठेवला.

मी म्हणाले, “ही मंडळी माझ्या खोलीत सुरू झाली. सुमनअक्काने केली. ती तिकडे शेवटच्या रांगेत बसली आहे.”

पोराने सांगितलं. पाहुण्यांनी मागे वळून हात हलवले.

मी म्हणाले, “आमच्या घरी घाण नव्हती. दारू होती, भूक होती. घाण नव्हती. चार वर्षं प्रभूची भाकर मी भाजली. आता ती चालत नाही. का चालत नाही, ते मला इथे सगळ्यांसमोर सांगा. मी मांग आहे म्हणून चालत नसेल तर तसं म्हणा. बेकरीचं नाव पुढे करू नका.”

पोराने हे इंग्रजीत सांगितलंच नाही. परदेशातल्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो घुटमळला आणि इंग्रजीत म्हणाला, ‘ती देवाचे आभार मानते आहे.’

एवढं इंग्रजी मला कळतं.

मी माइकमध्येच म्हणाले, “मी आभार मानत नाही. मी विचारते आहे.”

कुणीतरी कीबोर्ड सुरू केला. पास्टर आले, हसत हसत माइक माझ्या हातातून काढून घेतला. “सिस्टर भावनेच्या भरात आहेत. आपण प्रार्थना करू या.” सगळ्यांनी डोळे मिटले. एवढी माणसं, आणि एकालाही माझ्याकडे बघायचं नव्हतं. मी मधल्या वाटेने चालत बाहेर निघाले. आमच्या तीन रांगांपाशी जरा थांबले. मंगलाने मान खाली घातली. माझा नवराही बसून राहिला. उठली ती एक अक्का. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले. लिफ्ट बंद होती. तीन मजले आम्ही उतरलो, एकेका पायरीवर थांबत.

खाली आल्यावर ती म्हणाली, “देव बठ्ठासना शे. पन देवनं घर बठ्ठासनं नही.” देव सगळ्यांचा, त्याचं घर नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. “तू मला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावलंस.”

मी म्हणाले, “बाई, मी तुमचं नाव घेतलं नाही.”

“सगळ्यांना कळलं.”

“मग खरंच असेल.”

त्या आठवड्यातच माझं काम गेलं. त्यांच्या आईचा फोटो टेबलावर होता. त्याच्याकडे बघून मी बाहेर पडले.

मंगला एकदा आली. दारात उभी राहून रडली. “मन्ही पोरगी दहावीले शे. हॉलवर फुकट शिकवतात. मी कशी येऊ तुन्हासंगे?” मी तिला काय बोलणार? पोरगी शिकली पाहिजे. नवरा पुन्हा प्यायला लागला. म्हणायचा, तुझ्यामुळे तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मला प्रार्थना करता येईना. डोळे मिटले की ती टिश्यूची गोळी दिसायची. तीन-चार वेळा मनात आलं, रेल्वे लाइन चार पावलांवर आहे. खरं सांगते. पोरगी घरात होती म्हणून मी आज हे बोलते आहे.

दीड महिन्याने अक्का गेली. झोपेतच. हॉलवर तिच्यासाठी उपासना ठेवली. मी बाहेर जिन्यात उभी होते. पडद्यावर तिचा मोठा फोटो होता, खाली अक्षरं: आमच्या मंडळीची माता. शेवटच्या रांगेत बसवलेली बाई मेल्यावर पडद्यावर चढली.

पास्टर मला बघून बाहेर आले. डोळे लाल होते, खरेच रडले असतील. म्हणाले, “झालं गेलं सोडा. परत या. काम पण परत मिळेल, मी बोललोय. फक्त एकदा मंडळीसमोर उभं राहून माफी मागा.”

मला काम हवं होतं. घरात तांदूळ नव्हते. मंगला आतून माझ्याकडे बघत होती. अक्का नव्हती. मी हो म्हटलं असतं तर कुणी मला नावं ठेवली नसती.

मी म्हणाले, “तुम्ही अक्काची माफी मागा. त्या फोटोसमोर. मग मी विचार करीन.”

ते आत गेले. दार लोटलं.

आता मी धुळ्यात आहे. नणंदेच्या आधाराने आलो. पोरगी नर्सिंगला आहे, मुलगा शाळेत. मी नरडाण्याच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. नवरा कधी येतो, कधी येत नाही. रविवारी नणंदेच्या पडवीत आम्ही चौघी बसतो. मी, पोरगी, कारखान्यातल्या दोघी. एक पावरा आदिवासी, एक मांग. नणंद घाबरते. घरमालक तिला दोनदा बोलून गेला. या महिन्याअखेर पडवीही जाईल.

गेल्या आठवड्यात नाशिकहून एका ब्रदरचा फोन आला. कुणीतरी नंबर दिला असेल. धुळ्यात नवीन मंडळी सुरू करायची आहे म्हणाले, तुमच्यासारखे लोक पाहिजेत, हॉल आम्ही बघतो, सुरुवात तुमच्या घरून करू. आवाज चांगला होता. जळगावच्या पास्टरांचाही सुरुवातीला असाच होता.

मी म्हणाले, “ब्रदर, या. पण आधी ऐका. इथे माझी जात सांगून मी आत येणार. मागची रांग नसेल. एखादा साहेब माझ्याशेजारी बसायला कचरला, तर बाहेर तो जाईल, मी नाही. आणि माझी साक्ष मीच बोलेन, कागद देऊ नका.”

ते म्हणाले, “आम्ही विचार करून कळवतो.”

कळवलेलं नाही. कळवणार नाहीत. चौघींच्या तिघी होतील, तिघींतून मी एकटी उरेन, हेही मला दिसतं आहे. उरू दे. मी येशूला सोडलेलं नाही आणि सोडणार नाही. पण त्याच्याकडे जायच्या वाटेवर जो कुणी बसून मला माझी जागा दाखवेल, त्याला मी बाजूला सरकायला सांगणार आहे. मोठ्याने. त्याच्या दारात उभी राहून.